सगुणेची अहेवनवमी

तुळसानं सवाष्ण म्हणून हौसाला बोलावलं त्यात तिचा डाव होता, आणि तो तिनं घरात कुणापासून लपवलाही नव्हता. पितृपंधरवड्यात सोयरिकीचं बोलणं करत नाहीत, हे खरं. पण जेवायला बोलवायला कोण नको म्हणतं? अहेवनवमीला एक सवाष्ण लागतेच. मग ती शेजारची सखू असण्यापेक्षा पलीकडच्या वाडीतली हौसा असली तर काय वाईट? हौसाचा मुलगा केरू मुंबईला गोदीत होता, दिवाळीला घरी यायचा होता, आणि आपली राही त्याच्याच घरी द्यायची असं तुळसानं मनाशी पक्कं केलं होतं. हौसानं अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. एकदा इथं जेवली, ओटी घेऊन गेली, की नाही म्हणायला तिची जीभ जरा जड होईल, एवढाच तुळसाचा हिशोब.

एकतीस सालचा भाद्रपद. पाऊस ओसरत आला होता, हर्णैच्या बंदरात आगबोट पुन्हा थांबायला लागली होती आणि आंजर्ल्याच्या अलीकडच्या त्या वाडीत घराघरातून वडे तळल्याचा वास येत होता.

नवऱ्याच्या आधी, कुंकवानिशी गेलेल्या बाईचा म्हाळ अहेवनवमीला घालतात. ह्या घरात तो सगुणेचा. सगुणा म्हणजे तुळसाच्या नवऱ्याची, शिवाची पणजी. तिला आता कुणीच पाहिलेलं नव्हतं. सोनूबाईला तिच्या सासूनं सांगितलं, सोनूबाईनं आपल्या सुनेला, तुळसाला सांगितलं. शिवा मुंबईला गिरणीत; त्याला म्हाळाची रजा मिळायची नाही. म्हणजे सगुणेच्या रक्ताच्या माणसांनी तिचं नाव घेतलं न घेतलं, परक्या घरातून आलेल्या सुनाच तिचं पान मांडत आल्या होत्या.

सकाळी दोघी चुलीपाशी होत्या. वडे तुळसाकडे, भोपळा नि अळू सोनूबाईकडे.

"आये, हौसा इचारील हां, सगुणेचा घोव कोन म्हनून."

"इचारू दे. खलाशी व्हता, गलबतावर गेला, सांगायचं."

"सांगायचं मी. तू गप बसायचं."

"मी काय केलं?"

"खोटं बोलताना तुजी मान हालतंय. आदी हो, मग नाय, मग परत हो. दारावरच्या नंदीबैलासारकी."

सोनूबाई हसली आणि अळू घोटत राहिली. म्हातारीला राग येत नसे. तुळसाला येई, आणि तो दोघींचा मिळून येई.

खलाशाची गोष्ट बाहेरच्यांसाठी होती. वाडीच्या वर टेकाडावर एक जांभ्याचा रिकामा चौथरा होता, भोवती सुरूची उंच झाडं. गावात दुसरीकडे कुठंच सुरू नव्हता. कुणा हालीस नावाच्या साहेबानं तिथं घर बांधलं होतं, झाडं लावली होती, आणि सगुणा गेल्यावर पोराला तिच्या भावाच्या दारात ठेवून, सगळं सोडून तो विलायतेला गेला होता. 'सगुणा त्याची' असं लोक बोलत. बायको म्हणत नसत, 'त्याची' म्हणत, आणि तो शब्द म्हणताना ओठ जरासे मुडपत. तुळसा लग्न होऊन आली त्या वर्षी विहिरीवर एकीनं असे ओठ मुडपले, तेव्हा तुळसानं भरली कळशी तिच्या पायावर सोडली होती. तेव्हापासून तिच्या तोंडावर कुणी बोलत नसे. मागून बोलत, ते तिला दिसे. तिची नजर तशी बारीक.

पान कौलावर ठेवलं आणि सोनूबाई हात जोडून मागं सरते न सरते तोच कावळा आला नि वडा उचलून गेला.

"सगुणा कंदी अडून बसत नाय," सोनूबाई म्हणाली. "गुनाची बाय."

हौसा आली ती पाखाडीच्या पायऱ्या चढून, दमून, पण कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू जागच्या जागी. पाय धुता धुता तिनं कौलाकडे पाहिलं.

"कावळा शिवला?"

"कवाच," तुळसा म्हणाली.

"आमच्याकडं सासऱ्याचं पान दुपार टळली तरी तसंच. जिता व्हता तवापन जेवायला धा हाका मारायला लागायच्या."

पडवीत पाट मांडला, केळीचं पान मांडलं. शेजारी तबकात खण, नारळ, हळदकुंकू. राही वाढायला आली तेव्हा हौसानं तिला डोक्यापासून नखापर्यंत एकदा पाहिलं, वाढतानाचा हात पाहिला, खीर सांडते का पाहिलं. खीर सांडली नाही. तुळसाला बरं वाटलं. जेवण अर्ध्यावर आलं आणि हौसानं सहज विचारावं तसं विचारलं,

"सगुणेचा घोव कोन म्हनलात?"

"खलाशी," तुळसा म्हणाली. "गलबतावर गेला."

"मेला कंदी?"

हे तुळसानं हिशोबात धरलं नव्हतं.

"न्हवं, आमच्यात घोव मेला की नवमी बंद," हौसा म्हणाली. "मग बायकोचं पान त्याच्या पानाबरूबर. तुमच्यात अजून चालू हाय, म्हंजे तो अजून जिता हाय म्हनायचा." तिनं वड्याचा तुकडा खिरीत बुडवला. "शंबरी कवाच वलांडली असंल. कुटं असतो? मुंबयला?"

"त्याची बातमी कंदी आलीच नाय," सोनूबाई म्हणाली. तिची मान हलली नाही, कारण हे खरं होतं. "सासू म्हनली, बातमी येत नाय तवर चालू ठेव. ती गेली. मी ठेवलं चालू."

"तसं असंल तर ठीक," हौसा म्हणाली. मग थोडं थांबून, पानाकडेच बघत, "आमच्या वाडीत लोक दुसरंच बोलतात."

"काय बोलतात?"

"जेवताना नको."

"जेवताना बोल. भूक मेली तर माज्या घरच्या अन्नावरची मरंल."

"सुरूखालचं बोलतात," हौसा म्हणाली. "मी ऐकून घेत नाय कुनाचं. पन लेकाची आय हाय मी. इचारते तुमालाच. लग्नाची व्हती का ठेवलेली?"

तुळसाच्या हातात आमटीचं पळी घातलेलं भांडं होतं. ते कुठं गेलं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात पाखाडीवरून हाक आली, "सोनूकाकी, हाय काय घरात?" आणि लवू खळ्यात येऊन उभा राहिला. मागं एक मडम.

लवू हर्णैचा. बारा बंदरांचं पाणी प्यालेला, बोटीवर बटलर म्हणून उभी हयात काढलेला. आता घरी बसून होता, आणि कुणी गोरं माणूस इकडं फिरकलं की त्याला गाडीत घालून मिरवणं हाच त्याचा उद्योग. मडम म्हातारपणाकडे झुकलेली, उंच, केस पांढरे, हातात छत्री, बुटांना तांबडी माती. घामानं तोंड लाल झालेलं.

"तीन गावं फिरलो सुरूची झाडं बगत," लवू म्हणाला. "ही कोन वळखा. हालीस साहेबाची नात."

हौसाचा घास हातातच राहिला.

दार लावून घ्यावं असं तुळसाच्या मनात येऊन गेलं. पण म्हाळाच्या दिवशी जेवणवेळेला दारात आलेल्याला परत धाडत नाहीत. कोण कुणाच्या रूपानं आलंय कुणी सांगावं. सोनूबाईनं तर पाट घातलासुद्धा.

"बस म्हनावं. पयलं पानी दे गो."

तुळसानं तांब्या दिला. मडमनं तो दोन्ही हातांनी घेतला, आणि तुळसाला तिची करंगळी दिसली. शेवटच्या पेरापाशी आत वळलेली, शेजारच्या बोटाकडे कान लावून बसल्यासारखी. शिवाची करंगळी तशी होती. राहीची तशी होती. राही जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, "घरान्याचा शिक्का घिऊन आली पोर."

तुळसा सरळ आत गेली. राही दाराआडून बघत होती.

"भाईर येव नको," तुळसा दबक्या आवाजात म्हणाली. "आलीस तर टांग मोडीन."

बाहेर लवू सांगत होता. मडम एकटी. लग्न नाही केलं. दोघे भाऊ लढाईत गेले, आईबाप गेले. आजोबा इकडं राहत होता आणि इकडं त्याची बायको होती, असं तो म्हणायचा. घरचे म्हणायचे, म्हातारपणाची बडबड. दापोलीच्या कँपात त्यांच्या देवळात विचारलं. तिथं साहेबाचं नाव होतं, बायकोचं काही नव्हतं.

"तिला येवडंच पायजे," लवू म्हणाला, "की हितं त्याचं कोन हाय काय. मागायचं कायबी नाय, द्यायचं कायबी नाय. नुसतं हाय की नाय."

सोनूबाईनं तुळसाकडे पाहिलं. म्हातारीनं उत्तर स्वतः दिलं नाही, सुनेवर सोपवलं. हौसाही तुळसाकडेच बघत होती. राहीचं लग्न त्या एका शब्दावर होतं हे तिघींनाही कळत होतं.

"नाय," तुळसा म्हणाली. "कोन नाय म्हनून सांग."

लवूनं सांगितलं. मडमनं मान हलवली, जशी माणूस तीन गावांत ऐकलेलं चौथ्यांदा ऐकताना हलवतो. तिच्यापुढं पान वाढलं होतं त्याकडे ती बघत राहिली. मग तिची नजर हौसाच्या पानावर गेली. तिथून कुंकवावर, तिथून तबकातल्या खणावर आणि नारळावर. तिथंच थांबली. मग ती लवूला काहीतरी म्हणाली. लवूला ते धड कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं, हातानं दाखवून.

"काय म्हनते?" सोनूबाईनं विचारलं.

"इचारते, ह्या बायला कशापायी जेवायला घातलंय. आजचाच दिवस का म्हनते." लवूनं डोकं खाजवलं. "मी सांगितलं, नवऱ्याआदी मेलेल्या बायचं सराद हाय, म्हनून नवरेवाली जेवायला घालतात. तर म्हनते तिचा आजा हेच करायचा."

"काय करायचा?"

मग मडम बोलत गेली आणि लवू तुकड्या तुकड्यानं सांगत गेला. तिकडं त्यांच्या गावात, झाडांची पानं पिवळी पडायला लागली की म्हातारा रोज रात्री बाहेर जाऊन चांदोबा बघायचा. पूनव झाली की पुढचे दिवस बोटांवर मोजायचा. आणि नवव्या दिवशी गावातल्या लोहाराच्या बायकोला घरी बोलवायचा. तिला टेबलापाशी बसवायचा, स्वतःच्या हातानं वाढायचा, ती जेवेतो आपण काही खायचा नाही. जाताना तिला नवं कापड द्यायचा. नारळ तिकडं कुठला. त्या जागी सफरचंद द्यायचा.

"आनि ह्याच्या तिकडच्या बायकोला चालायचं?" तुळसानं विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं.

"ती त्या दिवशी आपल्या खोलीचं दार लावून बसायची. पोरं हसायची. ही पन हसायची, म्हनते. ल्हान व्हती."

हौसानं हात पानातच धरला होता. ती आता पुढं सरकली. "लवूभाऊ, तिला एक इचार. लोहाराची बायकोच का? दुसरी का नाय? आनि ती कायम तीच व्हती का?"

लवूनं विचारलं. मडमनं आठवून सांगितलं.

"म्हनते, लोहार मेला. पुडल्या साली म्हाताऱ्यानं तिला बोलवलं नाय. दुसऱ्या कुना गाडीवानाच्या बायकोला बोलवलं. लोहारीन लई रडली म्हनते, माजं काय चुकलं म्हनून. त्यानं तिच्या घरी टोपलीभर जिन्नस पाठवला, पन जेवायला नाय बोलवलं. कुनाला कारन सांगितलं नाय. घरात सगळ्यांना वाटलं, म्हातारा चळला."

"चळला कसला," हौसा म्हणाली. "नवरा मेलेली कशी चालंल?"

तिनं खिरीची वाटी उचलली, तोंडाला लावली, रिकामी केली आणि खाली ठेवली.

"तो गेला कंदी?" सोनूबाईनं विचारलं.

"चाळीसेक वर्सं झाली, म्हनते. आयुष्य मोप भोगून गेला. थंडीत गेला."

सोनूबाई बोटांवर वर्षं मोजायला लागली. बातमी आली होती. कधी येईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"म्हंजे येवडी वर्सं मी उगाच घालत व्हते नवमी," ती म्हणाली. पण तिच्या आवाजात दुःख नव्हतं, ती नुसतं मोजून बघत होती. "आनि त्याच्या आदी तो तिकडं घालत व्हता, माजी सासू हिकडं. एकाच दिवशी. आनि कुनाचं कुनाला ठाव नाय."

मडम उठली. बोलता बोलता पान तिनं चाटूनपुसून संपवलं होतं, अळूसकट. लवूला म्हणाली, आता बोटीची वेळ होईल. सोनूबाईला तिनं हात जोडले, ते तिला नीट जोडता आले नाहीत.

"तुळसा म्हनली, कोन नाय हितं," हौसा म्हणाली. कुणाला म्हणाली कळलं नाही. खरकटा हात तसाच, आणि डोळे तुळसावर.

तुळसा चिडली. हौसावर नाही, मडमवर नाही. पंचवीस वर्षं ज्या शब्दापायी ती लोकांच्या पायावर कळशा सोडत आली, तो शब्द आज तिनंच आपल्या तोंडानं खरा केला होता. कोण नाय म्हटलं, म्हणजे सगुणा कुणाची कुणी नाय. आणि तिकडं एक म्हातारा उपाशीपोटी लोहाराच्या बायकोला वाढत होता.

"राही, भाईर ये."

आतून आवाज आला, "टांग मोडशील म्हनलीस."

"ये म्हनते ना."

राही आली. तुळसानं तिचं मनगट धरलं, मडमपाशी नेलं, आणि मडमच्या हाताशेजारी तिचा हात उलटा करून धरला. दोन करंगळ्या, एक गोरी सुरकुतलेली, एक पिठानं माखलेली, दोन्ही आत वळलेल्या.

"लवूभाऊ, तिला सांग, मगाशी मी खोटं बोलले. ही माजी लेक. सगुणेच्या नातवाची नात. बाप हिचा गिरनीत हाय, त्याचंबी बोट असंच."

लवूनं ते सांगितलं की नाही कुणास ठाऊक. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. मडमनं राहीची करंगळी आपल्या चिमटीत धरली, सरळ करून पाहिली. ती सरळ होईना. तेव्हा मडम हसली, आणि राहीपण हसली, कारण ती करंगळी सरळ करायचा नाद तिनंही लहानपणी करून पाहिला होता.

"आता हे पन इचार," तुळसा म्हणाली, "येवडा जीव व्हता तर पोराला हितं मामाच्या दारात टाकून का गेला?"

लवूनं विचारलं. मडम थोडंसंच बोलली.

"तिला ठाव नाय, म्हनते. पोराचं नाव त्यानं तिकडं कंदी काडलं नाय."

"मग नसंल ठाव," तुळसा म्हणाली. मडमनं काही रचून सांगितलं असतं तर तिला जास्त राग आला असता.

राहीला सोबत देऊन सोनूबाईनं मडमला वर सुरूच्या झाडांपाशी धाडलं. लवू मागून चालला, वाटेत जे दिसेल त्याचं नाव इंग्रजीत सांगत. पडवीत तिघीच उरल्या. हौसानं हात धुतले, चूळ भरली, पदराला तोंड पुसलं. तबक जागच्या जागी होतं. तुळसानं ते उचललं नाही. द्यायचं आणि हौसानं मागं सारायचं, त्यापेक्षा न दिलेलं बरं. तिनं खरकटी पानं गोळा करायला घेतली.

"ही शेवटची नवमी," सोनूबाई म्हणाली. "पुडल्या सालपासून दोघांचं पान सर्वपित्रीला. त्याच्या दिवसाची तिथ काय आपल्याला कळायची नाय."

हौसा पायरीपर्यंत गेली. एक पाय खाली टाकला आणि वळली.

"आनि माजी ओटी? ती पुडल्या साली देतंस का? पुडल्या साली तर म्हातारी बंद म्हनतंय."

तुळसा उभी राहिली. हातातली पानं तिनं तिथंच टाकली.

"बगतंस काय? भर," हौसा म्हणाली. तिनं पदर पसरला. "लग्नाचीच व्हती ती. तिच्या नावानं जेवले मी, ओटीबिगर गेले तर मलाच बाधायचं."

तुळसानं हळदकुंकू लावलं, खण-नारळ पदरात घातला, तांदूळ घातले. घाईत चार दाणे खाली सांडले. हौसानं ते पाहिलं.

"तुज्या लेकीचा हात बरा हाय तुज्यापेक्षा," ती म्हणाली. मग ओटी कमरेला खोचत, "आमच्या वाडीत खलाशीच सांगायचं हां. आमच्या दीराला नि जावंला सायब पचायचा नाय. मला कळलं तेवडं बास. आमचा घोव, मी मेल्यावर शेजारनीला घोटभर च्या पाजायचा नाय, आनि तो तिकडं विलायतेत..." ती वाक्य पुरं न करता पाखाडी उतरायला लागली. खालच्या वळणावरून तिचा आवाज आला, "केरू दिवाळीला येतोय. पंदरवडा सरू दे, मग बोलू."

तुळसा खळ्यात उभी राहून तिचं डोकं दगडी गडग्याआड जाईपर्यंत बघत राहिली. मग येऊन सोनूबाईशेजारी बसली. वर टेकाडावर राही मडमला काहीतरी दाखवत होती; दोघींची डोकी सुरूच्या बुंध्यांमधून मधूनच दिसत होती.

"आये."

"काय गो?"

"साहेबाच्या पानावर काय वाडायचं? ते लोक काय काय खातात."

"सगुणेला वाडतो तेच," सोनूबाई म्हणाली. "हितं व्हता तवर तिच्याच हातचं जेवला असंल ना?"

"आनि कावळा शिवंल त्याला?"

सोनूबाईनं कौलाकडे पाहिलं. सकाळचं पान वाऱ्यानं उलटं झालं होतं.

"लोहारनीला जेवायला घालून हा उपाशी बसायचा," ती म्हणाली. "भुकेला असंल. शिवंल."